हृदयाची तपासणी कार्डिओग्रामपासून सुरू करू नका

सकाळी लॅबचं शटर वर गेलं की पहिल्या दोन-चार माणसांत एक तरी असा असतोच. "हार्टची तपासणी करायची, एक कार्डिओग्राम काढून टाका." पाच मिनिटांत कार्डिओग्राम निघतो. माणूस पट्टीकडे बघतो, "नॉर्मल हाय ना?" विचारतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि वर्षभर निर्धास्त होतो. त्याचा बीपी कुणी नीट मोजलेला नसतो, साखर त्याला माहीत नसते आणि हे सगळं बोलताना गालात तंबाखू असते.

बीड-परभणी भागात टेबलापलीकडे बसून मी बरीच वर्षं नमुने घेतोय, कार्डिओग्राम काढतोय. चुका होतात त्या फारशा यंत्राच्या नसतात. तयारी झालेली नसते, नाहीतर क्रम उलटा असतो. म्हणून क्रमानेच लिहितो. गोळी कोणती घ्यायची हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. आधी ठरवा: त्रास आहे की नाही?

ही तपासणी त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. त्रास सुरू झाला असेल तर लॅबची रांग ही तुमची जागा नव्हे.

छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जड वाटणं. कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणं. अंगाला दरदरून घाम, मळमळ, दम. यातलं काही अचानक आलं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ ला फोन करा किंवा कार्डिओग्राम आणि डॉक्टर दोन्ही असतील अशा जवळच्या दवाखान्यात जा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका आणि पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका. बाया, म्हातारी माणसं आणि शुगरचे पेशंट यांच्यात छातीत दुखेलच असं नसतं. नुसता दम, खूप थकवा, "जीव घाबरा होतोय" एवढंच असू शकतं.

आपल्याकडे याला पहिलं नाव मिळतं "गॅस". एक शेतकरी मामा रात्रभर गॅस समजून सोडा पीत राहिले आणि सकाळी माझ्याकडे उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला, तोही थंडीच्या दिवसांत. रांगेतून काढून आधी कार्डिओग्राम घेतला, शेजारच्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांना तसंच गाडीत घालून पाठवलं. रांगेत अजून अर्धा तास गेला असता तर काय, हे मला अजून आठवतं.

सावध: शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीची गोळी, जिभेखाली ठेवून बघू नका. तिने बीपी उतरतो. तो आधीच कमी असेल किंवा लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल तर धोका मोठा.

आणखी एक प्रकार आहे. चढावर किंवा घाईने चालताना छाती भरून येते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळं होतं. हीसुद्धा लक्षणंच. अशा माणसाने स्वतःच्या मनाने टीएमटीची, म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीची, तारीख घेऊ नये, एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठावा. तोच त्रास बसल्या जागी किंवा झोपेत होऊ लागला तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

२. घरून निघण्याआधी गोळा करायची माहिती

डॉक्टर पाच प्रश्न विचारतात आणि चारांना उत्तर येतं, "ते काही लक्षात नाही." म्हणून कागदावर लिहून आणा.

घरात कुणाला हृदयाचा झटका, लकवा किंवा अचानक मृत्यू झाला का, आणि त्या वेळी त्यांचं वय किती होतं? वयाला महत्त्व आहे. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल तर तुमच्या धोक्याचं पारडं जड होतं. "झोपेतच गेले" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांचंही वय विचारून घ्या.

गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. "पांढरी, बारकी, सकाळची" यावरून कुणालाच काही कळत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या आणि गावातून मिळणाऱ्या पुड्याही आणा. दुखणं मारणाऱ्या बऱ्याच गोळ्या बीपी चढवतात, आणि पुडीत स्टेरॉइड असेल तर साखरही चढते. काढा, चूर्ण लपवू नका.

तंबाखू किती, किती वर्षं, कोणत्या रूपात? मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. "व्यसन काही नाही" म्हणणाऱ्या मावशी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात हे मला त्यांच्या दातांवरून कळतं. ज्या बायांना गरोदरपणात बीपी किंवा शुगर निघाली होती, त्यांनी ते आवर्जून सांगावं. बाळंतपणानंतर उतरली म्हणजे विषय संपला असं नसतं, पुढे धोका जास्त राहतो.

३. दिवस आणि वेळ

तपासणीआधी दोन-तीन दिवस रोजचं जेवण जेवा. एकादशी, नवरात्र, श्रावणातले उपवास, लग्नाच्या पंगती, ताप किंवा जुलाब यांच्या लगेच पुढचा दिवस टाळा. दारू घेत असाल तर दोन-तीन दिवस बंद ठेवा, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, तिने फुगतं. मोठ्या आजारातून किंवा ऑपरेशनमधून नुकतेच उठला असाल तर काही आठवडे थांबा. रोजे चालू असतील आणि घाई नसेल तर रमजानच्या आधीची किंवा नंतरची तारीख घ्या.

मग एसटीचं गणित. रात्री साडेसातला जेवलात, सकाळी सातची गाडी चुकली, दहाची मिळाली आणि लॅबमध्ये पोचायला साडेअकरा झाले, की सोळा तास उपास झाला. रक्ताला बारा तास पुरतात आणि चौदाच्या पुढे जाऊ नये. लांबच्या गावाहून येणाऱ्याने आदल्या रात्री उशिरा जेवावं किंवा सकाळची पहिली गाडी धरावी. आठवडी बाजाराच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी बाजारही होत नाही आणि पाच मिनिटं शांत बसणंही होत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टोळी निघण्याआधीच, दसऱ्याच्या आसपास, तपासणी उरकावी. एकदा कारखान्यावर गेलात की पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, रिपोर्ट बघणारं कुणी नसतं.

कुठे जायचं? तीस वर्षांवरच्या माणसाची बीपी आणि शुगरची प्राथमिक तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताईला विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत. पहिल्या टप्प्याला शहर गाठायची गरजच नसते.

४. बीपी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त चुकणारी

या एका मोजणीवर पुढचं सगळं उभं राहतं, आणि हीच सगळ्यात घाईत होते. माणूस जिना चढून येतो, बाही वर न करता हात पुढे करतो, पट्टा फुगत असताना शेजारच्याशी सोयाबीनच्या भावावर बोलतो आणि १५८ आकडा आला की घाबरतो.

आधी अर्धा तास चहा, कॉफी, बिडी, तंबाखू, गुटखा काही नको. तोंडात असेल तर थुंकून, चूळ भरून अर्धा तास थांबा. लघवी करून या, भरलेल्या लघवीनेही आकडा वाढतो. पाठीला टेका देऊन, पाय जमिनीला टेकवून, मांडी न घालता, एकावर एक पाय न ठेवता पाच मिनिटं गप्प बसा. आपल्याला खुर्चीत मांडी घालायची सवय असते, तेवढी वेळ सोडा.

हात टेबलावर, छातीच्या उंचीला. लोंबता हात आकडा चढवतो. पट्टा उघड्या दंडावर, कपड्यावरून नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा जाड दंडावर बीपी खोटाच जास्त दाखवतो. मोजताना बोलू नका, मोजणाऱ्यालाही बोलू देऊ नका.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा मोजत असाल तर दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे कायम ज्या हातावर जास्त येतो तोच धरा. दोन हातांत नेहमीच दहा-पंधराच्या वर फरक येत असेल तर तो डॉक्टरांना सांगा. साठीच्या पुढची माणसं आणि शुगरवाले यांचा उभं केल्यावरही एकदा मोजावा. उभं राहताच वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

दवाखान्यात १४०/९० किंवा वर येत असेल तर तो वाढलेला मानतात, पण एका दिवसाच्या मोजणीवर शिक्का मारत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा बघतात. डॉक्टर समोर दिसले की काहींचा बीपी चढतो आणि घरी उतरतो. काहींचं नेमकं उलटं, ते जास्त फसवं. म्हणून घरी मोजा. दंडावरचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वहीत आलेला प्रत्येक आकडा लिहा. चांगला येईपर्यंत मोजत राहायचं आणि तेवढाच लिहायचा, हा उद्योग मास्तर लोक फार करतात.

सावध: १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोबडी वळणं, नजर धूसर होणं, एका बाजूची ताकद जाणं असेल तर ते घरी पुन्हा मोजत बसायचं काम नव्हे. १०८.

आणखी एक. उन्हाळ्यात बीपी जरा उतरतो, थंडीत चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, घाम जातो, आणि एखाद्या दिवशी ११० आकडा बघून लोक गोळी आपणच बंद करतात. दिवाळीनंतर तेच लोक १७० घेऊन येतात. गोळी कमी करायची तर डॉक्टरांनी करायची.

तपासून घ्या: कागदावर दोन्ही आकडे, तारीख, वेळ, कोणता हात आणि त्या सकाळी गोळी घेतली होती की नाही, हे लिहिलंय का?

५. रक्त: उपाशी म्हणजे काय

"मामा, काही खाल्लं का?"
"नाही हो. उपाशीच."
"चहा?"
"चहा काय, उलीसा घेतला. स्टँडवर. घोटभर."

रोज सकाळी हेच. चहात साखर असते, दूध असतं. उलीसा असो की कपभर, उपास मोडला. बिस्किट, केळं, तीर्थप्रसाद, गुटखा, पानमसाला, खोकल्याचं गोड औषध, सगळ्यांनीच मोडतो. चालतं ते साधं पाणी, आणि ते भरपूर प्या. उपाशी म्हणून पाणीसुद्धा सोडलं की नस सापडत नाही आणि मला दोनदा टोचावं लागतं. चहा झाला असेल तर खरं सांगा. रागावत नाही, दुसऱ्या दिवशी बोलावतो किंवा उपास न लागणाऱ्या तपासण्या तेवढ्या करतो. खोटं सांगितलं तर वाढलेला आकडा तुमच्याच नावावर चढतो.

उपाशी साखरेला निदान आठ तास लागतात. चरबीच्या तपासणीला, म्हणजे लिपिड प्रोफाइलला, पूर्वी दहा-बारा तास सक्तीचे असत. आता पहिल्या चाचणीला उपास नसला तरी चालतं, मात्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं तर उपाशीपोटी पुन्हा करावी लागते. साखर आणि लिपिड एकाच वेळी द्यायचं असेल तर दहा-बारा तासांचा उपास हा सोयीचा मार्ग.

गोळ्यांचं काय? बीपीची सकाळची गोळी पाण्याबरोबर घेऊन या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊ नका, सोबत आणा आणि रक्त दिल्यावर जेवणासोबत घ्या. हे उलटं केल्याने आमच्या बाकावर घाम फुटून थरथर कापणारी माणसं मी पाहिली आहेत. खिशात गूळ किंवा साखर ठेवा.

जेवणानंतरची साखर दोन तासांनी घेतात. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. जेवण रोजचंच हवं, भाकरी-भाजी किंवा वरण-भात. चाचणी आहे म्हणून फक्त दोन केळी खाऊन येणारे आणि आज मोकळीक आहे म्हणून जिलेबी हाणणारे, दोघांचेही आकडे निरुपयोगी. गोळीही नेहमीसारखी घ्या.

आकडे साधारण असे वाचतात. उपाशी साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावरची, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची, पण त्रास नसेल तर दुसऱ्या चाचणीने पक्कं करतात. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, तिला उपास लागत नाही. ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. अंगात रक्त कमी असलेल्या बायांमध्ये मात्र हा आकडा फसवतो, लोहाच्या कमतरतेने तो खोटाच वर दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन सोबत करून घ्या.

लिपिडच्या कागदावर पहिली नजर जाते ती एकूण कोलेस्टेरॉलवर. बघायचं असतं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. छापील "नॉर्मल" सगळ्यांना सारखं लागू नाही, हे कुणी सांगत नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात साधारण माणसाने एलडीएल १०० च्या आत, जास्त धोका असलेल्याने ७० च्या आत आणि झटका येऊन गेलेल्यासारख्या अतिधोक्याच्या माणसाने ५५ च्या आत ठेवावं असं आहे. म्हणजे शुगर आणि बीपी असलेल्या माणसाच्या ९८ या आकड्याखाली लॅबने लाल रेघ मारली नाही, म्हणून तो त्याच्यासाठी चांगला ठरत नाही. त्याच मार्गदर्शनात लिपिडची पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी असंही म्हटलं आहे. चाळिशीची वाट बघू नका. घरात कमी वयात झटके आले असतील तर लिपोप्रोटीन-ए ही रक्तातल्या आणखी एका चरबीची चाचणी एकदा तरी करून घ्या. ती आनुवंशिक असते, पुन्हा पुन्हा लागत नाही.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि लघवीतलं प्रथिन बीपी-शुगरवाल्यांनी करावं. एलडीएल फार वाढलेलं असेल तर डॉक्टर थायरॉइडही बघतात. "संपूर्ण शरीर, ऐंशी चाचण्या" अशी पॅकेजं असतात, त्यातल्या कितीतरींचा हृदयाशी संबंध नसतो. आमचाच धंदा आहे, तरी सांगतो.

सावध: गावात नमुना घेऊन शहरात पाठवत असतील तर साखरेची बाटली राखाडी झाकणाची आहे ना ते बघा. साध्या बाटलीत रक्त तासन्‌तास राहिलं की त्यातल्या पेशीच साखर खातात आणि आकडा खोटाच कमी येतो.

६. कंबर आणि वजन

टेप बेंबीच्या थोडी वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायांना ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठीची हद्द. पँटचा नंबर धरू नका, पोट सुटलं की पँट खाली घसरते आणि नंबर तोच राहतो.

७. आता डॉक्टर

इथे बरेच जण थांबतात. रिपोर्ट घेतात, तारांकित आकडे मोबाइलवर शोधतात आणि जास्वंदाचा काढा सुरू करतात. वय, बीपी, साखर, एलडीएल, तंबाखू, घराणं, कंबर हे सगळं एकत्र मांडून पुढच्या दहा वर्षांचा धोका डॉक्टर काढतात. एकेक आकडा थोडा थोडा वाढलेला माणूस एकच आकडा खूप वाढलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

दोनच प्रश्न विचारा: "माझा धोका कमी, मध्यम की जास्त?" आणि "माझं एलडीएल आणि बीपी कितीवर आणायचं?" उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढच्या चाचण्या लागणार की नाही, हे त्यानंतर ठरतं. बऱ्याच लोकांना लागत नाहीत.

८. कार्डिओग्राम

आता त्याची पाळी. अंगाला तेल, क्रीम लावून येऊ नका, चकत्या चिकटत नाहीत. छातीवर दाट केस असतील तर थोडे काढावे लागतात. गळ्यातलं, कमरेचं, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर बाजूला सारलं तरी चालतं. झोपा, हात अंगाजवळ सैल, बोलू नका. थंडीने कुडकुडत असाल तर सांगा, नाहीतर पट्टीवर रेघा थरथरतात.

बायांसाठी स्पष्ट लिहितो. छातीवरच्या सहा चकत्या ठरलेल्या जागीच लागतात. संकोचाने त्या ब्लाउजच्या कडेने वर सरकवल्या तर पट्टीवर जुन्या झटक्यासारखं खोटं चित्र येऊ शकतं. बाईमाणूस कर्मचारी मागा, पडदा मागा, सोबतीला कुणाला उभं करा, पण जागा बदलू देऊ नका.

यंत्र पट्टीच्या वर स्वतःच इंग्रजीत निदान छापतं. ते यंत्राचं मत. "अॅबनॉर्मल" वाचून रडू नका आणि "नॉर्मल" वाचून पेढे वाटू नका. कार्डिओग्राम हा त्या काही सेकंदांचा फोटो आहे. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असूनही आरामात पडलेल्या माणसाची पट्टी साफ येऊ शकते. जुनी पट्टी असेल तर ती सोबत आणा, डॉक्टरांना दोन पट्ट्यांतला फरक जास्त बोलतो.

तपासून घ्या: पट्टीवर तुमचं नाव, वय, तारीख, वेळ आहे ना? शिबिरात पट्ट्या अदलाबदल होतात.

९. टूडी इको आणि टीएमटी

इकोला उपास लागत नाही, ती हृदयाची सोनोग्राफीच. रिपोर्टमध्ये "ईएफ ६०%" दिसलं की घरात रडारड सुरू होते, "चाळीस टक्के हार्ट गेलं." तसं नाही. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० हेच नॉर्मल, शंभर कुणाचंच नसतं. उतारवयात "ग्रेड वन डायस्टोलिक" आणि हृदयाच्या झडपांपुढे "ट्रिव्हियल" हे शब्द वारंवार येतात, त्यांनी झोप उडवू नका. "आरडब्ल्यूएमए", म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही, असं लिहिलं असेल आणि पुढे "नाही" नसेल, तर मात्र लगेच हृदयरोगतज्ज्ञ.

टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाला तिचा फायदा थोडा आणि घोळ जास्त, कारण ती खोटी "पॉझिटिव्ह" येते, बायांमध्ये विशेष. मग त्या खोट्यापायी पुढची अँजिओग्राफी. म्हणून डॉक्टरांनी सांगितली तरच. दोन-तीन तास आधी हलकं खा, तंबाखू-चहा नको. चप्पल-साडीवर येऊ नका. बूट आणि सलवार किंवा पँट आणा. दांडी घट्ट धरून लोंबकळलात तर निकाल खोटा. बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. त्या थांबवायच्या का, हे आधी विचारा, मनाने बंद करू नका. गुडघे चालत नसतील तर तसं सांगा, दुसऱ्या चाचण्या आहेत.

सावध: खोलीत डॉक्टर हजर नसेल तर पट्ट्यावर चढू नका. चालताना छातीत दुखलं तर लाजेखातर दामटू नका, बोला.

१०. सीटी आणि अँजिओग्राफी

कॅल्शियम स्कोअरला, म्हणजे हृदयाच्या नसांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या सीटीला, सुई लागत नाही, धोका मध्यम असलेल्या माणसाचं गोळीबाबत ठरत नसेल तेव्हा तिचा उपयोग. सीटी अँजिओग्राफीला शिरेतून औषध देतात, म्हणून क्रिएटिनिन आधी हवं. कधी कशाची ॲलर्जी आली असेल तर सांगा, शुगरच्या गोळ्यांबद्दलही विचारा.

हाताच्या किंवा जांघेच्या नसेतून करतात ती अँजिओग्राफी ही तपासणी. अँजिओप्लास्टी हा उपचार, ज्यात अरुंद नसेत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसतो. गावात दोन्हींना एकच नाव आहे आणि सह्यांच्या कागदावर त्याचाच घोटाळा होतो. टेबलावर जाण्याआधी विचारा: "ब्लॉकेज निघालं तर लगेच स्टेंट टाकणार का, की आम्हाला विचारणार?" संमतीचा कागद मराठीत वाचून घ्या.

झटका आलेला असेल तेव्हा हे प्रश्न विचारत बसायचं नाही. तिथे मिनिटामिनिटाने स्नायू मरतो, सही करा. पण चालताना दुखणारा, एरवी ठीक असलेला पेशंट असेल तर वेळ असतो. अँजिओग्राफीची सीडी घ्या, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ किंवा लातूर-नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात येतात. ही योजना दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर केलेल्या चाचण्यांचे पैसे तीतून मिळतील असं धरू नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, नावाचं स्पेलिंग दोन्हींवर सारखं आहे का बघा आणि पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. भरल्यानंतर भेटणारे फार. हेल्पलाइन १५५३८८.

११. कागद आणि पुढची तारीख

सगळं ठीक निघालं तरी बीपी वर्षातून एकदा मोजा. साखर-लिपिडची पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. एलडीएलची गोळी सुरू झाली असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांत पुन्हा रक्त द्या. आकडा उतरला म्हणजे गोळी काम करतेय; "उतरलं म्हणून बंद केली" ही आमच्याकडची सगळ्यात मोठी तक्रार आहे. तंबाखू सोडायला जमत नसेल तर तेही तपासणीच्या वेळीच सांगा, त्याचंही औषध आणि समुपदेशन असतं.

सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेने, जुनं खाली नवं वर. सीडी वेगळ्या पाकिटात. आणि कार्डिओग्रामची पट्टी लॅमिनेट करू नका. तो कागद उष्णतेनेच उमटतो, लॅमिनेशनच्या यंत्रातून अख्खा काळा होऊन बाहेर येतो. उन्हात, पत्र्याच्या घरात ठेवला तरी वर्ष-दोन वर्षांत रेघा उडतात. पट्टी हातात आली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि झेरॉक्सवर नाव-तारीख पेनाने लिहा.